मुरुड-जंजिऱ्याची शैक्षणिक सहल: मराठवाड्यातील मुलांना तिथे काय दाखवावे आणि काय सांगावे?

सेलूची_शिक्षिका

सर्वांना नमस्कार.

आमच्या शाळेची नववीची शैक्षणिक सहल या हिवाळ्यात रायगड जिल्ह्यातील मुरुडला न्यायची, असे जवळपास निश्चित झाले आहे. मी इतिहास शिकवते, त्यामुळे मुलांच्या हाती देण्याची माहितीपुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांचा पहिला समुद्र केवळ फोटो काढण्यापुरता राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मुरुडविषयी जे वाचायला मिळते ते ठरावीक असते. समुद्रातला अजिंक्य जंजिरा किल्ला, कलालबांगडी तोफ, राजपुरीहून सुटणाऱ्या शिडाच्या होड्या, काशीदची वाळू आणि मासळीचे जेवण एवढ्यावर वर्णन संपते. हे गाव १९४८पर्यंत जंजिरा संस्थानाचे मुख्य ठिकाण होते, तिथे कोळी, आगरी, वाडीवाले, कोकणी मुसलमान आणि सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले, याचा उल्लेख क्वचितच येतो. त्याहूनही मला खटकते ते असे की, मुरुडचा इतिहास सांगताना आपल्या खडकीचे (आजच्या छत्रपती संभाजीनगरचे), परांड्याचे, वेरूळचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मते मुरुडची निम्मी गोष्ट घाटावर, म्हणजे आपल्याकडे घडलेली आहे, आणि मराठवाड्यातल्या मुलाला ती तशीच सांगायला हवी.

आपल्यापैकी कोणी तिथे राहिले असल्यास, कोणाचे नातेवाईक तिथे असल्यास किंवा या विषयाचा अभ्यास असल्यास कृपया लिहावे. पुस्तिका बारा पानांची आहे, म्हणून काय गाळावे हेही सांगावे.


मांजराकाठ

शिक्षिकाताई, निवासाचे आरक्षण करताना पत्ता नीट तपासावा. महाराष्ट्रात मुरुड नावाची मोठी गावे किमान तीन आहेत: आमच्या लातूर तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे आणि तुम्हाला हवे असलेले रायगडमधले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरुड ते दापोलीजवळचे. अनेक पर्यटन पत्रकांत कर्व्यांचे नाव जंजिऱ्याच्या मुरुडला जोडलेले दिसते, ते पुस्तिकेत येऊ देऊ नये.


खुलताबादकर

विषय निघाला याचा फार आनंद झाला. पुस्तिकेची सुरुवात मुरुडपासून न करता खुलताबादपासून करावी, असे मी सुचवतो, आणि शक्य असल्यास सहलीआधी मुलांना एक दिवस इकडे आणावे.

आमच्या गावात मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला. चंगेजखान स्वतःही हबशीच होता. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले तेव्हा निजामशाही संपली असे सर्वांना वाटले होते. अंबरने दुसऱ्या मुर्तजाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य आपल्या बळावर चालवले. १६१० साली त्याने खडकी वसवली. पुढे तिचेच औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरात उभा आहे. जमिनीची मोजणी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची त्याची पद्धत तर पुढच्या राज्यकर्त्यांनीही आधारभूत मानली.

मात्र मुलांना मी सर्वांत आधी नहर दाखवीन. हर्सूलच्या बाजूचे जमिनीखालचे पाणी खापरी नळांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्याची ही व्यवस्था अंबरने केली. आपल्याकडच्या मुलांना टँकर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते त्यांनी घरी ऐकलेले असते. अशी मुले जेव्हा जंजिऱ्यात चारही बाजूंनी खारे पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव पाहतील, तेव्हा तोफांपेक्षा त्या तलावांपाशी जास्त वेळ थांबतील, अशी माझी खात्री आहे.


देवगिरी_वाचक

खुलताबादकर यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण त्याला एक पुरवणी आवश्यक वाटते. जंजिरा मलिक अंबरने बांधला असे सर्रास छापले जाते. तसे पुस्तिकेत लिहू नये. त्या खडकावर आधी कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी खांबांचा कोट होता. समुद्री लुटारूंपासून संरक्षण मिळावे म्हणून तो उभारला गेला आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता, असे परंपरा सांगते. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, त्याने मद्याची पिंपे आत पोहोचवली आणि कोळी बेसावध असताना मेढेकोट घेतला, अशी कथा आहे. दगडी तटबंदी त्यानंतर निजामशाहीच्या अमलात टप्प्याटप्प्याने उभी राहिली. अंबर हा त्याच राज्याचा कर्ता पुरुष होता आणि जंजिऱ्याचे हबशी अधिकारी त्याच व्यवस्थेचा भाग होते. दोन्ही ठिकाणांचा संबंध एवढा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

१६३६ साली निजामशाही बुडाल्यावर कोकणचा हा भाग आदिलशाहीकडे गेला. किनाऱ्यावरील व्यापाराचे आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे रक्षण करण्याच्या बोलीवर सिद्द्यांना तिथे अधिकार मिळाला. सुरुवातीच्या काळात तिथला प्रमुख केवळ वारसाहक्काने ठरत नसे. सिद्दी सरदार आपल्यातून कर्तबगार माणूस निवडत. हा मुद्दा नववीच्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखा आहे.


परांडा_वेस

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे, कोणी राग मानू नये. परभणी जिल्ह्यातून मुरुड गाठायचे म्हणजे पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून जायचे. जाऊन-येऊन दोन रात्री बसमध्येच जातील. एवढा खर्च आणि एवढी दगदग कशासाठी? आपल्याच भागात नळदुर्ग आहे. तिथला पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहून कोणीही थक्क होईल. परांडा आहे, औसा आहे, उदगीर आहे, कंधार आहे. आमच्या परांड्याच्या किल्ल्यात मोठमोठ्या तोफा आहेत आणि वर उल्लेख आलाच आहे, तो काही काळ निजामशाहीची राजधानी होता. शाळांच्या सहली मात्र कोकणात जातात आणि आमच्या किल्ल्यात बाभळी वाढतात. आपला इतिहास आपणच मोठा मानला नाही, तर बाहेरचे कोण मानणार?


सेलूची_शिक्षिका

परांडा_वेस, आपली तळमळ मला पूर्णपणे पटते. सातवी आणि आठवीच्या सहली आम्ही नळदुर्ग आणि दौलताबादलाच नेतो. परंतु समुद्र पाहणे हा शिक्षणाचा भाग आहे, असेही मला ठामपणे वाटते. आरमार, बंदर, जकात, गलबत हे शब्द आमची मुले पाठ करतात; त्यांतला एकही त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. परांड्याला पुस्तिकेत स्वतंत्र पान देईन, हे मात्र नक्की.

मुरुडच्या माणसांविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, त्याची वाट पाहत आहे.


माहेर_मुरुड

हा धागा माझ्या मुलीने दाखवला. माझे माहेर समुद्रकाठचे मुरुड आणि सासर लातूर शहरात आहे, त्यामुळे मी दोन्हीकडची आहे. गावाविषयी सविस्तर लिहिते.

मुरुडचा किनारा लांब आणि सपाट आहे. किनाऱ्याला समांतर रस्ता, रस्त्याकडेला घरे आणि घरामागे वाडी, अशी जुन्या वस्तीची मांडणी आहे. वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग. उंच माड, त्यांच्या सावलीत सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरवेल आणि मधे कुठे जायफळ, असे एकाच जमिनीत थरांवर थर असतात. आपल्याकडे जमीन एकरांत सांगतात, तिकडे वाडी गुंठ्यांत सांगतात, आणि त्या गुंठ्यांवर कुटुंबे चालत आली. खाडीच्या बाजूला कोळीवाडा आहे, खाडीपलीकडे एकदरा आहे आणि दक्षिणेला राजपुरी. जंजिऱ्यावर नेणाऱ्या होड्या राजपुरीतून सुटतात. गावाच्या वेशीजवळ, समुद्रावर उंचावर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा राजवाडा आहे. तो खासगी मालमत्ता असल्याने आत जाता येत नाही. रस्त्यावरूनच पाहावा लागतो.

माझ्या आजीला नवाबी काळ चांगला आठवत होता. तिच्या बोलण्यात त्या काळाविषयी द्वेषही नसे आणि फाजील प्रेमही नसे. गारंबीच्या धरणाचे पाणी गावात आले, शाळा चालली, याबद्दल ती चांगले बोले. जंगलातले लाकूड आणि शिकारीचे राखीव रान यांवरच्या बंधनांचा त्रासही सांगे. ज्या रानात नवाबांची शिकार चाले, तेच आज फणसाडचे अभयारण्य आहे. १९८६ साली ते जाहीर झाले. नशीब असेल तर मुलांना तिथे शेकरू दिसेल.

गावातील कोकणी मुसलमान घरांतून पुरुष आधी बोटींवर आणि पुढे आखातात नोकरीला गेले. हिंदू घरांतले मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेले. पूर्वी मुंबईहून आगबोट येत असे. ती बंद झाल्यावर गाव काही काळ फार एकाकी झाले, असे वडील सांगत. पर्यटक वाढले ते त्यानंतर खूप उशिरा. आज ज्या घरांत तुम्ही उतरता, त्यांतील बहुतेक घरे आधी वाडीवाल्यांची होती. मागच्या पडवीच्या जागी खोल्या बांधल्या आणि घरच्या बायका खानावळ चालवू लागल्या. मुलांना हॉटेलपेक्षा अशा घरगुती ठिकाणी उतरवावे, म्हणजे न्याहारीच्या वेळी त्यांना गावातल्या माणसांशी बोलता येईल.

एक विनंती आहे. कोळीवाड्यात मुलांना घेऊन जाल तेव्हा आधी विचारून जावे. सुकत घातलेली मासळी हे तिथल्या लोकांचे वर्षभराचे उत्पन्न असते. त्यावरून नाक मुरडून हसणारी मुले पाहिली की वाईट वाटते.


बालाघाटचा_शेतकरी

माहेर_मुरुड ताई, निसर्ग वादळात तुमच्या वाडीचे काय झाले? आमच्या गावाने तेव्हा थोडी वर्गणी पाठवली होती, पण पुढे काय झाले ते कळले नाही.


माहेर_मुरुड

दादा, आठवण ठेवलीत, आभारी आहे. ३ जून २०२० रोजी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. माड मुळांसकट पडले, सुपाऱ्या मधेच मोडल्या. सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षे जातात आणि माडाला त्याहून अधिक. म्हणजे एका दिवसात बुडाले ते एका हंगामाचे पीक नव्हते. आमच्या भावाने पुन्हा लागवड केली आहे, शेजारच्या दोन घरांनी मात्र वाडी साफ करून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. त्यांना दोष देता येत नाही. भरपाईचा हिशेब हेक्टरी धरला की गुंठ्यांतल्या वाडीवाल्याच्या हाती काय येते, हे तुम्हा शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.


बालाघाटचा_शेतकरी

समजले ताई. सोयाबीन गेले तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येते. बाग गेली की उमेदीची वर्षेच जातात. आमच्याकडे दुष्काळात मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या, त्या शेतकऱ्यांचे दुःख याच जातीचे होते. शिक्षिकाबाईंनी हे पुस्तिकेत जरूर घ्यावे. आमच्या मुलांना वाटते की कोकणात पाणीच पाणी, तिथल्या शेतकऱ्याला कसली चिंता.


शिवकालीन_जिज्ञासू

चर्चा चांगली चालली आहे, परंतु एका गोष्टीचा उल्लेखच होत नाही. सिद्दी हे स्वराज्याचे शत्रू होते. त्यांनी कोकणातील रयतेचा अतोनात छळ केला. छत्रपती शिवाजी महाराज आणि छत्रपती संभाजी महाराज या दोघांनीही जंजिरा घेण्यासाठी जिवाचे रान केले. मुलांना नवाबांच्या राजवाड्याचे आणि पाण्याच्या तलावांचे गोडवे ऐकवायचे आणि हे सांगायचे नाही, हे योग्य आहे का? पद्मदुर्ग पुस्तिकेत कुठे आहे?


देवगिरी_वाचक

शिवकालीन_जिज्ञासू यांचा आक्षेप रास्त आहे. पद्मदुर्ग आलाच पाहिजे, आणि सविस्तर आला पाहिजे.

मुरुडच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर समोर समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, म्हणजेच कासा. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी तो बांधला. काम चालू असताना रसद वेळेवर पोहोचली नाही म्हणून १६७५च्या जानेवारीत त्यांनी जिवाजी विनायक या सुभेदाराला अत्यंत कडक पत्र पाठवले. ते पत्र उपलब्ध आहे आणि मुलांना वाचून दाखवण्याजोगे आहे, कारण किल्ला केवळ शौर्यावर उभा राहत नाही, त्याला धान्य, पैसा आणि वेळेवर काम करणारा कारकून लागतो, हे त्यातून समजते. १६७६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी वीराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस केले. मागून येणारे सैन्य वेळेवर पोहोचले नाही, उजाडू लागले आणि त्याला शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा समुद्रावरच्या माणसाला पालखी काय करायची, असे तो म्हणाला; म्हणून त्याला गलबत देऊन त्याचे नाव पालखी ठेवले, अशी परंपरा आहे. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू टाकण्याचे काम सुरू केले होते. मोगल फौजा कोकणात उतरल्यामुळे ते सोडावे लागले. त्याच १६८२ साली औरंगजेब स्वतः औरंगाबादेत येऊन दाखल झाला होता, हे लक्षात घेतले की आपल्या शहराचा या मोहिमेशी किती थेट संबंध होता ते कळते. सिद्द्यांच्या आरमाराला मोगलांकडून सुरतेच्या महसुलातून पैसा मिळत असे. जंजिरा का टिकला, याचे उत्तर तटबंदीइतकेच या पैशातही आहे.

आता दुसरी बाजू. हा लढा दोन धर्मांचा होता असे मुलांच्या मनावर ठसवले, तर तो इतिहास राहणार नाही. वेरूळचे मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. शहाजीराजे आणि मलिक अंबर १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर एकाच बाजूने लढले, आणि त्याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. अंबरने मोगलांविरुद्ध वापरलेल्या गनिमी काव्याच्या छायेतच भोसल्यांची ती पिढी तयार झाली. पन्नास वर्षांनंतर राजपुरीच्या पाण्यात समोरासमोर आलेले दोन्ही पक्ष असे एकाच निजामशाहीच्या अंगणातून निघालेले होते. महाराजांच्या आरमारात दौलतखान हा प्रमुख सरदार होता. उलट सिद्द्यांच्या कारभारात हिंदू कारभारी होते: महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील जंजिऱ्याच्या पदरी होते आणि सिद्द्याने त्यांचा घात केल्यावर ते कुटुंब देशोधडीला लागले, असे बखरी सांगतात. श्रीवर्धनचे भट घराणेही सिद्द्याच्या मुलखातूनच बाहेर पडले आणि त्यातील बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. छळ झाला हे खरे, त्यातून स्वराज्याला मोठी माणसे मिळाली हेही खरे.

शिवाय १६७१च्या सुमारास जंजिऱ्याचा किल्लेदार फत्तेखान महाराजांशी तह करून किल्ला द्यायला तयार झाला होता. त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. म्हणजे सिद्द्यांमध्येही दोन मते होती.


शिवकालीन_जिज्ञासू

देवगिरी_वाचक, भातवडीचा आणि फत्तेखानाचा संदर्भ पटला. तरीही माझे म्हणणे कायम आहे की पुस्तिकेत पद्मदुर्गाला जंजिऱ्याइतकीच पाने द्यावीत. पर्यटक जंजिऱ्यावर जातात आणि पद्मदुर्ग दुरून पाहतात. तिथे जायला नियमित होड्या नाहीत आणि समुद्र शांत असेल तेव्हाच कोळी बांधव नेतात. ज्या कोळ्यांनी तो राखला, त्यांच्याच वंशजांकडून मुलांनी त्याची कथा ऐकावी.


नांदेड_गोदावरी

१६७६वर पुष्कळ बोलून झाले, मला १९४८वर बोलायचे आहे, कारण मराठवाड्यातल्या वाचकाला मुरुड खऱ्या अर्थाने जवळचे वाटावे असे कारण तिथे आहे.

आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा आपण अजून हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा आणि नंतरची पोलीस कारवाई यांनंतर, तेरा महिन्यांनी आपण मोकळे झालो. महाराष्ट्रातल्या बाकीच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. मुरुडच्या मुलाला लवकर समजेल, कारण त्यांचेही तसेच झाले. जंजिरा हे ब्रिटिशांनी ११ तोफांच्या सलामीचा मान दिलेले संस्थान होते, काठेवाडातील जाफराबादही त्याच्याच ताब्यात होते आणि स्वातंत्र्यानंतर नवाबांची गादी काही महिने तशीच चालू राहिली. तेव्हा नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसेना उभारली. १९४८च्या जानेवारीअखेर ती संस्थानात शिरली आणि मार्चमध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले. महाडजवळच्या नाते गावचे धारिया तेव्हा अवघ्या विशीत होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले आणि वनराई संस्था स्थापन करणारे मोहन धारिया ते हेच. आपल्याकडे ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात, ते मुलांनी गावात पाहिलेले असतात. तेच नाव जंजिऱ्याच्या मुक्तीतही आहे, हे कळले की मुलांना किती आनंद होईल.

दोन्ही लढ्यांत फरकही मोठा आहे. हैदराबाद हे देशातले सर्वांत श्रीमंत संस्थान, त्याच्याजवळ फौज होती, रझाकार होते, आणि आपल्या लोकांनी फार सोसले. जंजिरा लहान होते आणि तिथला प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. दोन्ही लढे एकाच मापाने मोजू नयेत, पण शेजारी शेजारी ठेवून शिकवावेत.


मांजराकाठ

नांदेड_गोदावरी, हा संबंध माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. आमच्या घरात स्वातंत्र्यसैनिकांचे ताम्रपट आहेत आणि मी दोनदा मुरुडला जाऊन आलो आहे. तिथल्या एकाही माहीतगाराने लोकसेनेचे नाव काढले नाही. सगळे तोफांपाशीच थांबतात.


सिंदफणा

सहलीच्या व्यवस्थेविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. मी काही वर्षे अलिबागला नोकरीस होतो.

फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले अनेक विद्यार्थी बुडाले. किनारा सपाट दिसतो, पाणी गुडघाभर वाटते आणि ओहोटीच्या ओढीने पाय सुटतात. ज्यांनी विहीर आणि तलावच पाहिला आहे, त्यांना पाणी आत ओढते ही कल्पनाच नसते. पोहता येणारी मुले जास्त धोक्यात असतात, कारण ती बिनधास्त आत जातात. शिक्षण विभागाच्या सूचना आधी वाचाव्यात, स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे आणि पाण्यात उतरण्यास सरळ मनाई करावी. वाळूवर खेळायला पुष्कळ जागा आहे.

भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत मुलांना जरूर शिकवावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत येते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती, आणि दीडच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी कमी चढते. हा अंदाज आहे, होडीवाल्यांचा शब्द अंतिम समजावा. गणिताच्या शिक्षकांनाही यात भाग घेता येईल.

जंजिऱ्याच्या दारात होडी लाटेबरोबर वर-खाली होते आणि त्या हालचालीतच पायरीवर उतरावे लागते. दोन शिक्षक पुढच्या होडीत असावेत. पावसाळ्यात होड्या बंदच असतात आणि जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. तुम्ही हिवाळ्यात जात आहात ते बरे.


परांडा_वेस

सिंदफणा यांनी लिहिलेले वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे. तिथीवरून भरती काढायची असेल, तर मुलांना समुद्रापर्यंत न्यावेच लागेल, ते परांड्यात शिकवता येणार नाही.


सेलूची_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या आस्थेने लिहिलेले प्रतिसाद मिळतील अशी अपेक्षा नव्हती. आतापर्यंतच्या चर्चेवरून पुस्तिकेचा आराखडा असा बदलला आहे.

पहिली पाने परांडा, खडकी आणि खुलताबाद यांना दिली आहेत. सहलीच्या आधीच्या आठवड्यात मुलांना भडकल दरवाजा, नहर आणि मलिक अंबरची कबर दाखवण्यास मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. जंजिरा आणि पद्मदुर्ग यांना समान जागा आहे आणि भातवडी दोघांच्या मधल्या पानावर येईल. १९४८चे पान नांदेड_गोदावरी यांच्या प्रतिसादावरून लिहीन. वाडी आणि वादळ यांविषयीचे पान मी लिहिणार नाही. माहेर_मुरुड ताईंच्या भावाला विचारायचे दहा प्रश्न मुलांनीच काढावेत आणि तिथे जाऊन उत्तरे लिहून आणावीत, असा विचार आहे. ताई, त्यांची तयारी असेल का?

गाळायचे काय, हे मात्र अजून ठरत नाही. तोफांची लांबी आणि वजने गाळली आहेत.


माहेर_मुरुड

भावाशी बोलले. तो आनंदाने तयार आहे. सकाळी वाडीत शिंपणे चालू असते तेव्हा या, म्हणजे पाटाने पाणी कसे फिरवतात ते मुलांना दिसेल. कोळीवाड्यातील एका मावशींनाही विचारले आहे, त्या जाळे विणून दाखवतील. मुलांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत, दहाची मर्यादा ठेवू नये.


खुलताबादकर

एक ठिकाण राहून गेले. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या दगडी घुमटांच्या कबरी आहेत. त्यांत सिरुलखानाची सर्वांत मोठी आहे. मुख्य पर्यटन मार्गाच्या थोडे बाजूला असल्याने तिथे गर्दी नसते. ज्या मुलांनी आठवड्यापूर्वी आमच्याकडे अंबरची कबर पाहिली असेल, त्यांनी खोकरीला जाऊन दोन्हींच्या कमानी, जाळ्या आणि घुमट यांची चित्रे काढावीत आणि काय सारखे, काय वेगळे ते स्वतः ठरवावे. किल्ल्यावरून परतताना, ऊन उतरल्यावर, तिथे तासभर द्यावा. किल्ल्याच्या दारावरचे पंजांत हत्ती धरलेल्या सिंहासारख्या प्राण्याचे शिल्पही मुलांकडून रेखाटून घ्यावे. होडीतून उतरण्याच्या गडबडीत ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून परतीच्या होडीची वाट पाहताना दाखवावे.